लॉगिनला चार मिनिटं: एसएसडी, नवा सर्व्हर, क्लाउड की आधी डीएनएस?

सकाळी पासवर्ड टाकायचा, 'वेलकम'शेजारचं चक्र फिरायला लागलं की खाली टपरीवर जायचं, चहा घेऊन वर यायचं, तरी डेस्कटॉप आलेला नसतो. दहा-पंधरा कॉम्प्युटर, कोपऱ्यात एक विंडोज सर्व्हर आणि सगळ्यांचं लॉगिन त्याच्या डोमेनवरून, म्हणजे पासवर्ड तपासायचा सर्व्हरनेच, अशा ऑफिसांत हे रोजचंच. वीस तारखेला, जीएसटीच्या ३बी रिटर्नच्या गडबडीत, साहेबांचा संयम सुटतो आणि कोटेशनं मागवली जातात. एक म्हणतो सगळीकडे एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क टाका, दुसरा सर्व्हर बदलायला सांगतो, तिसरा म्हणतो सर्व्हरच नको, क्लाउडवर जा.

कुणालाही अ‍ॅडव्हान्स देण्याआधी एक फुकटची चाचणी करा. रोज त्याच मशीनवर बसणाऱ्या माणसाला घ्या, लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, मशीन रीस्टार्ट करून त्याला लॉगिन करायला सांगा. आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या दहा जणांची ओळख विंडोज मूळ सेटिंगमध्ये स्वतःजवळ ठेवतं, त्यामुळे सर्व्हरशिवायही आत जाता येतं. अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप आला, तर मशीन बरं आहे, दुखणं नेटवर्कमध्ये आहे. वायर काढूनही तेवढाच वेळ लागला, तर मात्र एसएसडीवाल्याला फोन करा.

मशीन हळू असेल तर एसएसडीला तोड नाही. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क विखुरलेल्या फाइली सेकंदाला शंभरेक वेळाच उचलू शकते, साधी साटा एसएसडी हजारोंनी. फक्त जुन्या मशीनवर पैसे घालताना ते विंडोज ११ला चालतं का बघा, कारण विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

पण एसएसडी नेटवर्कची वाट बघणं थांबवत नाही. एका सीए ऑफिसात बाराही मशीनना एसएसडी टाकून झाल्या आणि चार मिनिटांची जेमतेम सव्वातीन झाली, तेव्हा मला बोलावलं. आयपीकॉन्फिग या नेटवर्कची सेटिंग दाखवणाऱ्या कमांडमध्ये बघितलं तर डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, पहिल्या ओळीत गूगलचा ८.८.८.८, दुसऱ्या ओळीत ऑफिसचा सर्व्हर. इंटरनेटची लाइन टाकणाऱ्याने 'नेट फास्ट चालेल' म्हणून करून दिलेलं. म्हणजे मशीन रोज सकाळी गूगलला विचारत होतं, 'आमच्या ऑफिसचा डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कुठे बसतो?' गूगलला काय माहीत! ते 'असं नावच नाही' म्हणतं, आणि विंडोजच्या लेखी तेही उत्तरच, म्हणून ते दुसऱ्या ओळीकडे वळत नाही. मग इकडेतिकडे हाका मारत वेळ काढतं आणि शेवटी जुन्या ओळखीवर आत घेतं.

उपाय बिनपैशाचा. कॉम्प्युटरना डीएनएस म्हणून फक्त सर्व्हरचा पत्ता द्यायचा, आणि ८.८.८.८ हवाच असेल तर तो सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून, म्हणजे बाहेरची नावं पुढे विचारण्यासाठी, टाकायचा. 'बॅकअप' म्हणून दोन नंबरलाही ठेवू नका. सर्व्हर क्षणभर अडखळला की मशीन तिकडे सरकतं आणि काही काळ तिथेच चिकटून बसतं. याची किंमत एकच: सर्व्हर बंद पडला की ब्राउझरही बंद. मला ती परवडते.

डीएनएस ठीक असूनही वाट बघावी लागत असेल तर प्रोफाइल, म्हणजे प्रत्येकाच्या फाइली आणि सेटिंग, बघा. रोमिंग प्रोफाइलमध्ये मशीनवर आधीची प्रत नसेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं सर्व्हरवरून येतं, असेल तर बदललेलं तेवढं, आणि लॉगऑफला बदललेल्या फाइली परत जातात. आपल्याकडे डेस्कटॉप म्हणजे माळा, क्लायंटची स्कॅन केलेली कागदपत्रं वर्षानुवर्षं तिथेच. एक जीबी १०० एमबीपीएसवर आणायला कागदोपत्री ८० सेकंद, प्रत्यक्षात बारीक फाइली असल्या की त्याहून जास्त. आणि गिगाबिट स्विच असूनही १०० एमबीपीएस मिळणं यात नवल नाही. गिगाबिटला वायरच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात; क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाला कनेक्टर बसवताना, त्या दोन सोडून एखादी तार सुटली तरी कनेक्शन चालू दिसतं. अ‍ॅडॅप्टरच्या स्टेटसमध्ये स्पीड वाचा.

फोल्डर रिडायरेक्शनमध्ये फाइली सर्व्हरवरच राहतात, लॉगिनला फक्त पत्ता कळतो. लोक टेबलं बदलत असतील तर हेच निवडा. मात्र आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये असेल तर आधी लोकल डिस्कवर हलवा, आणि तिचा बॅकअप वेगळा लावा. नेटवर्कवरून ती उघडून काम करणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. आणि प्रत्येकजण वर्षभर आपल्याच खुर्चीत बसत असेल तर रोमिंग कशासाठी? बंद करा.

नवा सर्व्हर तेव्हाच, जेव्हा सकाळच्या गर्दीत जुन्याच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसते. तेव्हासुद्धा आधी त्याच्याच डिस्क बदलून बघेन. क्लाउडचं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट एन्ट्राचं लॉगिन ऑफिसच्या सर्व्हरवर अवलंबून नसतं, घरून काम करणाऱ्यांना ते सोयीचं. पण विंडोजची होम आवृत्ती तिथे जोडता येत नाही, आणि टॅलीचा डेटा कोपऱ्यातल्या सर्व्हरवरच राहणार असेल तर तो सर्व्हर सांभाळणं सुटत नाही.

एवढं करूनही वेळ जात असेल तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ग्रुप पॉलिसीच्या (सर्व्हरने मशीनना आणि माणसांना लावलेल्या नियमांच्या) ऑपरेशनल लॉगमध्ये ८००१ नंबरची नोंद शोधा. लॉगिनच्या पॉलिसीला किती सेकंद लागले ते तिथे लिहिलेलं असतं. त्या सीए ऑफिसात डीएनएस सुधारल्यावरही एकाच मशीनचा आकडा मोठा येत होता. भंगारात गेलेला प्रिंटर त्याच्या पॉलिसीत अजून जोडलेला होता.