जुन्नर की वाई? दोघांनाच निवांत जायचं असेल तर

मागच्या दोन फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको एकदा जुन्नरला आणि एकदा वाईला तीन-तीन रात्री राहून आलो. आमचं ट्रिपचं गणित सोपं आहे, दिवसात एकच ठिकाण, दुपारी झोप आणि रात्री जेवून लांब चक्कर. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळं तिथेच अडलं.

शेती बघायची असेल तर जुन्नर उजवं, यात वाद नाही. जंबो द्राक्षाचे काळेभोर घड, मालक स्वतः कात्रीने कापून हातात ठेवतो, नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटची थप्पी बघत चहा प्यायचा, जेवायला मासवडी आणि झणझणीत रस्सा. एक दिवस शिवनेरी, एक दिवस लेण्याद्री, बास. नाणेघाटात सूर्यास्त बघायचा होता पण तो राहिलाच.

कारण बिबट्या. शेतावरच्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दादा, सातच्या आत घरात या, ताईंना उसाकडं एकटं सोडू नका." त्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही, माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काय उगाच नाहीये, आणि त्या लोकांना तर रात्रीची लाइट आली की पाणी धरायला त्याच उसात जावं लागतं. पण आमचं काय झालं, तर साडेसातपासून पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघं बसलेलो, पहिल्या रात्री खूप गप्पा झाल्या, दुसऱ्या रात्री जरा कमी, तिसऱ्या रात्री दोघंही मोबाइलमध्ये. इतकं लांब येऊन घरचंच चाललंय असं वाटलं.

वाईत शेती अशी हातात येत नाही, ती चालता चालता दिसते. आम्ही मेणवलीला पायीच गेलो, तीनेक किलोमीटर असेल, वाटेत शिजवलेली हळद उन्हात पसरलेली, तो वास बायकोच्या ओढणीला दोन दिवस होता. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, वसईच्या स्वारीतली ती मोठी घंटा, तासभर नुसतं पायरीवर बसलो, कोणी उठवलं नाही. आणि रात्री जेवून ढोल्या गणपतीपासून गंगापुरीपर्यंत चक्कर, कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव चालू होता, तो एकेका घाटावर पाळीपाळीने असतो, एका घाटावर कीर्तन ऐकत दहा कधी वाजले कळलंच नाही.

वाईतही कटकट आहे. शनिवार-रविवारी पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांनी गावाचा श्वास कोंडतो, उन्हाळ्यात नदीचं पाणी बघवत नाही म्हणतात. तुम्हाला लहानपणापासून बागेत द्राक्ष खायची हौस असेल, किंवा आठलाच झोपणारे असाल, तर जुन्नरला जा, खरंच छान आहे. आम्ही मात्र यंदा परत वाईच धरलीय, सोमवार ते गुरुवार. द्राक्षं काय, वाईच्या बाजारातही मिळतात.