आठ इंची डॉब्सोनियन: इंदूरच्या गच्चीवरचा अनुभव

दसऱ्याला घेतलेल्या या डॉब्सोनियन दुर्बिणीबद्दल (आठ इंच व्यासाचा आरसा, आणि हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवर नळी) बरेच जण विचारतात, मुलांसाठी घेऊ का म्हणून. होळी होऊन गेली. आता ठामपणे सांगण्याइतकी वापरून झाली आहे.

आधी वजनाचं बोलू, कारण जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं. नळी आणि लाकडी बैठक मिळून पंचवीस किलोच्या आसपास. आम्ही राजेंद्र नगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. बैठक जिन्याच्या वळणावर हमखास अडायची. दिवाळीपर्यंत उत्साह होता, मग कंटाळा यायला लागला. शेवटी खालच्या काकूंनी गच्चीवरची त्यांची अडगळीची खोली दिली आणि दुर्बीण खऱ्या अर्थाने वापरात आली. शिवाय आरसा बाहेरच्या हवेइतकाच थंड असतो. घरातून वर नेली की अर्धा तास चित्र उकळल्यासारखं हलायचं, ते थांबलं. जिना आहे आणि वर खोली नाही, अशांनी सरळ सहा इंची घ्यावी.

आरसा मात्र उत्तम. नाभीय अंतर 1200 मिमी, म्हणजे 25 मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) 48 पट आणि 10 मिमीच्याने 120 पट. सोबत आलेला 10 मिमीचा यथातथाच होता, तो बदलला. खेळण्यांच्या खोक्यांवर सहाशे-सातशे पट छापलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. इंदूरच्या हवेत दोनशेच्या वर क्वचितच काही हाती लागतं. गंमत म्हणजे जानेवारीतल्या धुरकट रात्री, जेव्हा तारे मोजकेच दिसतात, तेव्हा हवा स्थिर असते आणि गुरू एकदम रेखीव दिसतो. यंदा तो मिथुनेत, ऐन भरात होता. एका रात्री त्याच्या चंद्राची सावली बिंबावरून सरकताना पाहिली: शाईचा टिपका, काळाकुळकुळीत, कडा स्वच्छ. जेवायला खाली हाका मारत होते, कोण जातंय!

शनीने मात्र सगळ्यांचा हिरमोड केला. त्याची कडी साधारण पंधरा वर्षांतून एकदा आपल्याला काठावरून दिसतात, आणि मार्च 2025 नंतर नेमका तोच काळ होता. लिंबात सुई खुपसल्यासारखा दिसायचा. दुर्बिणीचा दोष नाही. कडी वर्षागणिक उघडत जातील.

कोजागरीला मसाला दूध आणि दुर्बीण असा बेत कॉलनीने आखला. वाहवा झाली, पण खरं सांगायचं तर पौर्णिमेचा चंद्र सर्वांत सपाट, ऊन डोक्यावर असल्याने सावल्याच नाहीत. अष्टमीला बघा, अपेनाइन पर्वतरांग उजेड-अंधाराच्या सीमेवर अशी उठून दिसते की बघतच राहावं.

शहरातून तेजोमेघ म्हणाल तर मृगातला एम 42 तेवढा मिळतो, पोटातल्या चार ताऱ्यांसकट. देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता धुरकट ठिपका. फोटोतले रंग विसरा, अंधारात डोळ्याला रंग कळत नाहीत. आणि कृत्तिका तर 25 मिमीत मावतच नाहीत, त्यांना 10×50 ची (दहा पट, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री दुर्बीण बरी. जोडतारे मात्र शहरातही झकास. सप्तर्षींत वसिष्ठ-अरुंधती सगळ्यांना ठाऊक. दुर्बिणीतून वसिष्ठच फुटून दोन होतो. आमच्या आत्याबाईंना हे अजून पटलेलं नाही.

खरा अंधार हवा तर आमचा घोळका अमावास्येच्या आगेमागे जानापावला जातो, चंबळेच्या उगमाच्या डोंगरावर. तिथे दक्षिण क्षितिजावर जेमतेम वीस अंश चढणारा ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ मध्यरात्रीनंतर पाहिला. कडेचे तारे सुटे सुटे आणि मधे दाट पिठी. या मंडळींचा एकच कडक नियम: टॉर्च लाल, आणि गाडीचे दिवे लावाल तर शिव्या खाल. बाकी कोणीही आपल्या दुर्बिणीला डोळा लावू देतो. म्हणूनच पैसे भरण्याआधी अशा कुठल्याही घोळक्यात एक रात्र काढा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

तक्रारी दोनच. फाइंडरचा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचा) प्लॅस्टिकचा पाया ढिला, दरवेळी जुळवावा लागतो. आणि जानापावला जाताना महूच्या रस्त्यावरच्या धक्क्यांनी आरसा हलतो, मग ताऱ्याला शेपूट फुटतं. मागचे तीन स्क्रू फिरवून पाच मिनिटांत जुळतं, पण नव्या माणसाला हे आधी कोणीतरी करून दाखवायला हवं. सोबतच्या पुस्तिकेत एक धूसर आकृती आहे, बस्स. पावसाळ्यासाठी सिलिका जेल आणि झाकणांवर प्लॅस्टिक असा बंदोबस्त ठरवलाय. बुरशी धरली तर इथेच कळवेन.