स्कॅन पीडीएफ की युनिकोड फाइल?

ऑनलाइन कोर्सच्या नोट्स म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांत सर्रास फिरते ती स्कॅन पीडीएफ. पानांचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले, काम फत्ते! अंध विद्यार्थ्याच्या मोबाइलवरच्या टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला मात्र ते बहुतेकदा नुसतं चित्र. इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलची तर वेगळीच गंमत: पडद्यावर 'मराठी' दिसतं, स्क्रीन रीडरला मिळतात 'ई-जे-के-बी-एच' ही इंग्रजी अक्षरं.

युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असतात, म्हणून त्यातली वर्ड फाइल टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं फुकट मिळणारं एनव्हीडीए सरळ मराठीत वाचतं. मथळ्यांना हेडिंग स्टाइल दिली, तर हव्या त्या प्रकरणावर थेट उडी मारता येते. कमी दिसणाऱ्याला अक्षर मोठं करता येतं. शिवाय भामरागड, धारणीकडच्या गावांत रेंजची बोंब. तिथे काही केबींची फाइल उतरते, स्कॅनचे एमबी अडकून बसतात.

स्कॅनने वाचतो तो शिक्षकाचा वेळ, आणि तो मुद्दा अगदीच खोटा नाही. पण दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून आहे, आता ही सबब पुरे. अर्थात युनिकोडनेही आकृत्या बोलू लागत नाहीत. भूगोलाच्या नकाशाचं वर्णन शिक्षकालाच दोन ओळींत लिहावं लागतं.