मॅश पोटॅटोसाठी मॅशर बरा की पुरणयंत्र?

मिक्सर या तुलनेत घेतलाच नाहीये, पात्यांनी बटाट्यातला स्टार्च फुटून बाहेर येतो आणि भांड्यात निघतो तो डिंक. मग उरतात दोघंच, पावभाजीचा मॅशर आणि होळी झाली की माळ्यावर जाणारं पुरणयंत्र.

मॅशरचं आधी सांगतो, कारण तो वाईट अजिबात नाही. हाताशी असतो, बटाटे आहेत त्याच भांड्यात काम होतं, नळाखाली धरला की साफ. लसूण-मिरी घातलेला, जरा भरड मॅश ज्यांना आवडतो त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. बटाटा फक्त जुना घ्या, नव्या पातळ सालीच्या बटाट्याचा मॅश काही केल्या हलका होत नाही, त्याची सरळ भाजी करा.

माझं घोडं अडलं ते गुठळीपाशी. म्हणजे बघा, कोरडं कुस्करताना सगळं मऊच वाटतं, बटर-दूध घालून ढवळलं की मग त्या हरभऱ्याएवढ्या गुठळ्या वर यायला लागतात, आता दूध पडल्यावर मॅशर नुसता सरकतो, गुठळी बाजूला पळते, आपण तिच्या मागे, आणि या सगळ्यात जो बटाटा आधीच चांगला झाला होता तो उगाच घोटला जाऊन तार धरायला लागतो. गुठळ्या खा नाहीतर चिकट खा! भरड मॅशला चालून जातं हो, पण क्रीमी हवाय म्हटल्यावर माझी इथेच चिडचिड व्हायची.

पुरणयंत्रात हा प्रश्नच येत नाही, बटाटा एकदा जाळीतून गेला की गेला, परत घोटायचा नाही. सालासकट उकडून, अर्धे करून टाकले तरी साल बरीचशी वरच राहते. फक्त गरम असतानाच फिरवा, गार झाला की जड जातं. जोएल रोबुशाँ हे फ्रेंच शेफ (१९४५-२०१८) ज्या बटाट्याच्या प्युरेसाठी जगभर ओळखले गेले तीही सालासकट उकडलेल्या बटाट्याची, अशाच हाताने फिरवायच्या जाळीच्या यंत्रातून काढलेली, एक किलोला २५० ग्रॅम बटर. बटरच्या बाबतीत मी निम्म्यावर थांबतो, पण क्रम तोच, आधी मंद आचेवर हलवून पाणी उडवायचं, मग फ्रीजमधलं गार बटर तुकड्या-तुकड्याने, आणि शेवटी कडकडीत दूध थोडं थोडं.

धुण्याचा वैताग आहे, नाकारत नाही. जाळीत बटाटा वाळला की टूथब्रश घेऊन बसावं लागतं, म्हणून काम झालं की जाळी लगेच पाण्यात टाकतो, जेवण होईपर्यंत सुटतं बरंचसं. एकट्यापुरतं करायचं असेल तर एवढा पसारा मीही काढत नाही, सोऱ्याला बारीक शेवेची चकती लावून गरम बटाटा (हा मात्र सोललेला) दाबतो, जवळपास तसाच होतो. चार माणसांचं असेल तर मला तरी यंत्रच बरं पडतं, तुमच्याकडे भरड खाणारी मंडळी असतील तर वेगळं. नवीन घेणार असाल तर जाळी सुटी निघणारं आणि एक तरी जाळी बारीक भोकांची असलेलं बघा, नाहीतर आईकडचं मागून आणा, होळीपर्यंत तिला लागणार नाहीये.