आयनॅचरलिस्ट: पावसाळा ते उन्हाळा वापरून

निव्वळ फुलांची नावं हवी असतील तर गूगल लेन्सही पुरतं. आयनॅचरलिस्ट म्हणजे झाडं-प्राण्यांचे फोटो नोंद म्हणून टाकायचे आणि इतरांनी ते ओळखायचे, असं अ‍ॅप आणि संकेतस्थळ. सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात ते इतके महिने वापरते आहे ते नोंद टाकल्यावर तिचं पुढे जे होतं त्यासाठी.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून सुरू केलेलं हे काम २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था चालवते. वापरायला पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. फोटो, तारीख, जागा असलेल्या नोंदीच्या प्रजातीवर किमान दोघांचं आणि दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की ती 'रिसर्च ग्रेड' ठरते. परवाना मोकळा, म्हणजे इतरांना वापरू देणारा असेल तर तिथून ती कोपनहेगनच्या जीबीआयएफमध्ये, म्हणजे जगभरातल्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यात जाते. तिथे सगळ्यांच्या नोंदी 'डार्विन कोअर' या एकाच साच्यात बसवलेल्या असतात. म्हणून परदेशातल्या हर्बेरियममधला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला) सह्याद्रीचा जुना नमुना आणि माझा मोबाइलचा फोटो एकाच नकाशावर दिसतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संध्याकाळ त्यातच गेली.

परवान्याकडे मात्र लक्ष द्या. नोंदीवर 'सर्व हक्क राखीव' केलंत तर ती जीबीआयएफला जात नाही. पण नोंदीचा आणि फोटोचा परवाना वेगवेगळा ठेवता येतो. फोटोग्राफर मंडळींनी फोटोचे हक्क राखावेत, नोंद मोकळी ठेवावी. आणि मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो टाकू नका, त्यातली जागेची माहिती गळालेली असते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

संकटग्रस्त प्रजातींची जागा आपोआप धूसर होते: सुमारे २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो. कंदीलपुष्पांच्या बाबतीत हे मला पटतं, त्यांच्या कंदांवर डोळा असणारे कमी नाहीत. यादीत नसलेल्या वनस्पतीची जागाही आपण स्वतः झाकू शकतो. नकाशाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र असा ठिपका फारसा कामाचा नाही.

दुबळी बाजू? ओळखणारे सगळे स्वयंसेवक. फुलपाखराला तासाभरात उत्तर मिळतं, गवतं आणि कोळी ताटकळत राहतात. मशीनने सुचवलेलं नाव टाकायचं आणि दुसऱ्याने न बघता 'अ‍ॅग्री' (सहमत) दाबायचं, एवढ्यावर चुकीची नोंद रिसर्च ग्रेड होते. कृपा करून हे करू नका.

शिवाय नोंदी माणसांच्या मागे जातात. कासवर सप्टेंबरात ठिपक्यांची झुंबड, मार्चात शुकशुकाट. म्हणून ठिपका नाही म्हणजे झाड नाही, असं समजू नये.

पक्ष्यांसाठी मी अजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवरच आहे. तिथे किती वेळ फिरलो, किती चाललो आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का, हे विचारतात. त्यामुळे यादीत नसलेला पक्षीही काहीतरी सांगतो.