लॅम्प्सला कोड द्यायचा असेल तर
रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करायला लॅम्प्स (LAMMPS) हे सॉफ्टवेअर वापरणारे पुष्कळ, त्यात कोड घालणारे थोडे. खरं तर सोय झकास आहे. नवी पेअर स्टाइल, म्हणजे अणूंमधलं बल काढणारा कोड, ही सी प्लस प्लसच्या दोन फाइलींची गोष्ट. गाभ्याला सहसा हात लावावा लागत नाही. मी पीएचडीतलं पोटेन्शियल (अणूंमधल्या ऊर्जेचं सूत्र) असंच दिलं. पण नुसत्या कोडवर भागत नाही, डॉक्युमेंटेशनचं पान हवंच. गाइड म्हणाले, "पेपर लिहिणं सोपं रे!" मजा स्पेलिंग तपासणीची: अनोळखी आडनाव तिथे चूक ठरतं, मग अपवादांच्या यादीत आपणच घालायचं. त्या यादीचा स्क्रीनशॉट आईला पाठवला. २००४ पासूनचा सी प्लस प्लस कोड, पण वाचायला सरळ. जुनी पेअर स्टाइल कॉपी करून बिनधास्त मोडतोड करा. पाचपैकी साडेचार.