अंतराचा हिशेब चोख, वेळेचा कच्चा

लेक लंडनला असल्यामुळे येत्या मे महिन्यात आम्हा उभयतांना कुडाळहून तिकडे जायचे आहे. त्या तयारीत दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारे एक मोफत ॲप मी गेले पंधरा दिवस वापरतो आहे.

मुंबई आणि लंडनचे हीथ्रो ही नावे भरताच ॲपने ७,२१२ किलोमीटर, म्हणजे ३,८९४ सागरी मैल, असे उत्तर दिले. आयुष्य भूगोल शिकवण्यात गेलेले असल्याने पडताळणी केल्याशिवाय राहवेना. माळ्यावरचा ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल उतरवला, धूळ पुसली आणि मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला. तो १७ सेंटिमीटर भरला, आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडले तर उत्तर ७,२०० च्या आसपासच येते. अंतराच्या बाबतीत ॲपला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.

वेळेचे मात्र तसे नाही. ताशी ८५० किलोमीटर वेगाने अंतराला भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, एवढ्यावर हे ॲप ‘नऊ तास’ सांगून मोकळे होते. पण माझा दोरा ज्या मार्गाने गेला, तो कराचीवरून, इराण ओलांडून, क्रिमिया आणि युक्रेनच्या माथ्यावरून जातो. भारतीय विमानांना पाकिस्तानचे आकाश एप्रिल २०२५ मध्ये बंद झाले, तर युक्रेनवरून प्रवासी विमाने फेब्रुवारी २०२२ पासून जात नाहीत. त्यामुळे विमानाला वळसा घ्यावाच लागतो. शिवाय उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर अधिक लागतो, आणि ॲप दोन्ही बाजूंना तेच नऊ तास दाखवते.

सर्वांत मोठी फसगत चिपीच्या विमानतळाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला आपला सिंधुदुर्ग विमानतळ यादीत पाहून कोण आनंद झाला! चिपी ते हीथ्रो ७,५१९ किलोमीटर, नऊ तास एकवीस मिनिटे, असे उत्तर आले. ते ऐकून सौ. म्हणाली, “मग मुंबईपर्यंत तंगडतोड कशाला?” असे विमान अस्तित्वातच नाही, हे तिला मलाच सांगावे लागले. आमच्या हिशेबात रात्रभराची कोकणकन्या आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे हेही धरावे लागते.

एक गोष्ट मात्र आवडली. मे महिन्यात लंडनची घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, हे लक्षात ठेवून ॲपने दोन्हीकडच्या वेळांतला फरक साडेपाच नव्हे, तर साडेचार तासांचाच धरला.

पाचपैकी तीन तारे देतो. चिपीच्या उत्तराखाली ‘थेट विमान नाही’ एवढे तीन शब्द असते, तर चौथाही दिला असता.